फ्रीझरमध्ये मटार, नारळ, आमरस, कोळंबी: प्लॅस्टिकच्या पिशव्यांशिवाय कसं ठेवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दर हिवाळ्यात दहा किलो मटार सोलून झिपच्या पिशव्यांत भरता. शिवाय खवलेला नारळ, आमरस, अधूनमधून मासळी. वापरून झालेल्या पिशव्यांचा ढीग कचऱ्यात टाकताना जिवावर येतं. म्हणून गेल्या वर्षी काचेच्या बरण्या वापरून पाहिल्या, तर त्यातल्या दोन फ्रीझरमध्येच तडकल्या. आता महागड्या सिलिकॉनच्या पिशव्या घ्याव्यात, की प्लॅस्टिकला पर्यायच नाही असं समजावं? घरात माणसं चार, फ्रिज दोन दारांचा, २६० लिटरचा.

पर्याय आहे आणि तो बहुतेक तुमच्या मांडणीवरच आहे: घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे. मी २२ वर्षं डोंबिवलीत घरून ऑर्डरचे पदार्थ करून देते. पुरण, मोदकाचं सारण, आमरस, सोललेले दाणे, वाटणं, असं सगळं माझ्या फ्रीझरमधून जातं. सुरुवातीची आठ-नऊ वर्षं मीही पिशव्याच वापरत होते. सोडल्या त्या एकदम नाही. एकेका पदार्थाची पद्धत बसेपर्यंत दोन-दोन मोसम गेले. म्हणून खाली लिहिते ते करून पाहिलेलं आहे.

आधी पिशवी नेमकं काय काम करते ते बघू, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. ती दोन कामं करते. एक, पदार्थाला हवा लागू देत नाही. दोन, एका वेळेला लागेल तेवढा वाटा वेगळा ठेवते. फ्रीझरमधली हवा फार कोरडी असते. उघड्या पदार्थातला बर्फ पाणी न होताच हवेत उडून जातो, जसा उघडा कापूर डबीत झिजत जातो. मग मटार सुरकुततात, कोळंबीच्या कडा पांढऱ्या आणि कापसासारख्या होतात, नारळाला जुनाट वास येतो. पदार्थ नासलेला नसतो, पण चव गेलेली असते. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रिजमध्ये हे जास्त लवकर होतं, कारण त्यात पंखा सतत हवा फिरवतो आणि आतला हीटर अधूनमधून चालू होतो. हवा अडवायला घट्ट झाकण आणि शिगोशीग भरलेला डबा पुरतो. राहिले वाटे. त्यासाठी पिशवीच लागते असं आपण धरून चालतो, आणि चाळीस-चाळीस पिशव्या तिथेच खर्च होतात.

वाटे पिशवीत करायचे नाहीत, थाळीत करायचे. मटारचंच घ्या. दहा किलो शेंगांचे साधारण साडेचार-पाच किलो दाणे निघतात. सगळे एका दिवशी करू नका. तुमच्या फ्रिजचा फ्रीझर पन्नास-साठ लिटरचा असेल. त्यात एका दिवशी दोन किलोपेक्षा जास्त ताजा माल घातला तर तो सावकाश गोठतो. सावकाश गोठलं की दाण्याच्या आत बर्फाचे मोठे, टोकदार स्फटिक होतात, ते पेशी फाडतात आणि शिजवल्यावर दाणा पिचका लागतो. म्हणून एका सुट्टीला चार किलो शेंगा, पुढच्या सुट्टीला पुन्हा चार, असं करा.

मोठ्या पातेल्यात चार लिटर पाण्याला खळखळून उकळी आणा आणि एका वेळी अर्धा किलोच दाणे सोडा. पाणी कमी घेतलं तर दाणे पडल्यावर उकळी मोडते ती लवकर परत येत नाही, आणि दाणे उकळण्याऐवजी कोमट पाण्यात भिजत राहतात. पुन्हा उकळी फुटली की तिथून दीड मिनिट मोजा. एवढ्यानं दाण्यातली ती द्रव्यं निकामी होतात, जी फ्रीझरमध्येसुद्धा हळूहळू रंग आणि गोडी खात असतात. लगेच चाळणीत उपसून बर्फाच्या पाण्यात टाका, तेवढाच वेळ. हिरवा रंग टिकावा म्हणून सोडा घालायची पद्धत आहे, ती सोडा. रंग उठतो, पण दाण्याचं साल मऊ पडतं आणि क जीवनसत्त्व जातं.

आता खरा नाजूक भाग. दाणे निथळले म्हणजे कोरडे झाले असं नाही. सुती पंच्यावर पसरा, वरून दुसऱ्या पंच्यानं टिपा, पंख्याखाली पंधरा मिनिटं ठेवा. हातात मूठभर घेऊन सोडले तर तळव्याला एकही दाणा चिकटता कामा नये. मग स्टीलच्या थाळीत एकच थर पसरून थाळी फ्रीझरमध्ये सपाट ठेवा. थाळी फ्रीझरमध्ये मावत नसेल तर पोळ्यांच्या डब्याचं झाकण, वेळणी, केकचा चौकोनी ट्रे, काहीही चालतं. तीन तासांनी थाळी हलवून बघा. दाणे गोट्यांसारखे खडखडले की झालं. सुटे दाणे लगेच, वितळायच्या आत, डब्यात ओता, डबा दोनदा ओट्यावर आपटून दाणे खाली बसवा आणि झाकण लावा. किलोभर दाण्यांना दीड लिटरच्या आसपास जागा लागते. म्हणजे तुमच्या वर्षभराच्या मटारला दोन लिटरचे चार डबे झाले. पोह्यांना हवे तेव्हा मूठभर काढा. प्रत्येक दाणा सुटा येतो.

एक गोष्ट मात्र पाळा. साठ्याचा डबा रोज उघडू नका. उघडला की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि दाण्यांवर बर्फाचा चुरा धरतो. मुंबई-कोकणच्या हवेत तर फारच. अर्ध्या लिटरचा एक डबा 'कामाचा' ठेवा, तो संपला की मोठ्यातून भरा. मोठा डबा निम्मा झाला की माल लहान डब्यात हलवा, कारण रिकामी राहिलेली जागा म्हणजे हवाच. हलवायला लहान डबा नसेल तर केळीच्या पानाचा गोल तुकडा कापून पदार्थावर दाबून बसवा आणि मग झाकण लावा. आदल्या दिवशीच्या जेवणाच्या पानातून उरलेला कोवळा तुकडा गॅसवर हलका शेकून घेतला की तो मोडत नाही, आणि फ्रीझरमध्ये महिनोन्‌महिने टिकतो. परदेशातल्या भारतीय दुकानांत केळीची पानं गोठवलेलीच मिळतात, त्यामुळे तिकडच्या मंडळींनाही हे करता येईल.

पातळ पदार्थांसाठी वाट्या वापरायच्या. आमटी, मसाल्याचं वाटण, टोमॅटोचा रस, चिंचेचा कोळ, शिजवलेले छोले स्टीलच्या वाटीत भरून वाट्या उघड्याच फ्रीझरमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी वाटीचा तळ साध्या पाण्यात आठ-दहा सेकंद धरा, कडेनं बोट दाबा, अख्खी मूद निघते. अशा मुदा एकावर एक रचून मोठ्या डब्यात ठेवायच्या, मधे केळीच्या पानाची पट्टी. एक मूद म्हणजे एका माणसाची आमटी, हा हिशेब घरातल्या सगळ्यांना कळतो. आलं-लसूण आणि कोथिंबिरीचं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये घालून त्याचे खडे करा. स्टीलचे ट्रे मिळतात. घरात प्लॅस्टिकचा आहे तो तसाच वापरत राहा, चांगली वस्तू टाकून नवी आणण्यात काही अर्थ नाही. गरम आमटी मात्र तशीच आत ढकलू नका. परातीत गार पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवा, ढवळत निववा, दोन तासांच्या आत ती फ्रिजमध्ये गेली पाहिजे आणि तिथून फ्रीझरमध्ये. गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. बाहेर निवताना वाढले तेवढे तुमच्याबरोबर आत जातात. बटाटा घातलेली भाजी, कढी, साबुदाण्याची खिचडी या फंदात पडू नका. बटाटा भुसभुशीत होतो, कढी फाटते.

आता तुमच्या फुटलेल्या बरण्या. माझ्याही फुटल्या आहेत. एका मे महिन्यात देवगड हापूसचा रस मधाच्या रिकाम्या बरण्यांत गळ्यापर्यंत भरून ठेवला होता. सकाळी बरण्या बाहेरून धडधाकट दिसत होत्या. एक उचलली तर खांद्याच्या वळणावर केसासारखी एक रेघ, आणि नखानं टकटक केल्यावर वरचा गळा कानातल्या बाळीसारखा अलगद हातात आला. रस आत तसाच पिवळाधमक, पण काचेचा कण कुठे गेला असेल कोण सांगणार? सहाच्या सहा बरण्यांतला रस टाकला. दोन पेट्यांचा रस होता, अजून जीव हळहळतो.

कारण साधं आहे. पाणी गोठताना त्याचं आकारमान साधारण नऊ टक्क्यांनी वाढतं. लिटरभर पाण्याला सुमारे ९० मिलिलिटर जागा जास्त लागते. बरणी सरळ उभ्या अंगाची असेल तर बर्फ वर सरकतो. गळ्याशी निमुळती असेल तर खांद्याखाली अडकतो आणि बाजूंना रेटतो. महागाची बोरोसिलिकेट काच तापमानाचा झटका चांगला सोसते, पण आतल्या बर्फाचा रेटा तीही सोसत नाही. म्हणून तळापासून तोंडापर्यंत एकाच रुंदीची बरणी घ्या, वर दोन बोटं जागा सोडा, आधी रात्रभर फ्रिजमध्ये गार करा, मग झाकण नुसतं टेकवून फ्रीझरमध्ये ठेवा आणि पूर्ण गोठल्यावर घट्ट फिरवा. बरण्या एकमेकींना चिकटवून ठेवू नका. बाहेर काढल्यावर गरम पाण्याखाली धरायची नाही, फ्रिजमध्येच सावकाश सुटू द्यायची. एवढं पाळलं तर काच आमरसाला उत्तम. वास धरत नाही, रंग धरत नाही. पण खरं सांगू, चार माणसांच्या घरात मी काच आमरसापुरतीच ठेवीन. फ्रीझर उघडताना कोणीतरी घाईत असतंच, आणि गोठलेली बरणी हातातून निसटते.

स्टीलला ही भीती नाही. दाब आला तर झाकण वर उचललं जातं, फार तर तळ किंचित फुगतो. शिवाय धातूतून उष्णता पटकन निघून जाते, त्यामुळे त्याच आकाराच्या प्लॅस्टिकच्या डब्यापेक्षा स्टीलमध्ये पदार्थ लवकर गोठतो. स्टीलची उणीव झाकणात आहे. आपले जुने गोल डबे सैल झाकणाचे असतात. त्यात मटार चार-पाच महिने चांगले राहतात, पुढे सुकायला लागतात. नवीन घ्यायचेच असतील तर आत सिलिकॉनची रिंग आणि चार बाजूंनी खटके असलेले चौकोनी, उथळ डबे घ्या. चौकोनी अशासाठी की गोल डब्यांच्या मधे फार जागा वाया जाते. दोन-तीन पुरेत, बाकी घरात आहेत तेच काढा. ॲल्युमिनियमचे डबे आणि पन्नी मात्र चिंच, टोमॅटो, कैरी, आमरस यांना नको. आंबट पदार्थ ॲल्युमिनियमला खातो.

नारळ. खवलेलं खोबरं पिशवीत घातलं की त्याची वीट होते आणि वीट फोडायला बत्ता लागतो. थाळीत बोटभर जाड पसरून गोठवा, मग उलथन्यानं खापऱ्या उचलून डब्यात दाबून भरा. हवी तेवढी खापरी मोडून घेता येते. खोबऱ्यात तेल असतं आणि गोठलं तरी ते हळूहळू खवट होतंच, म्हणून तीन महिन्यांच्या वर ठेवू नका. कोथिंबीर धुऊन अगदी कोरडी करून चिरा आणि लहान बरणीत दाबून भरा. फोडणीला आणि आमटीला चालते, वरून पेरायला नाही. पुरण फार छान राहतं. गुळामुळे ते दगडासारखं होत नाही, फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलं की सकाळी पोळीला तयार. उकडीचे मोदक आधी वाफवून, निववून, थाळीत गोठवून मग डब्यात. खाताना बाहेर सुटू न देता थेट चाळणीत ठेवून वाफवा, नाहीतर पारी तडकते.

मासळीला प्लॅस्टिक हवंच असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर. मासळी टिकवायला पाण्याइतकं चांगलं वेष्टण नाही. सोललेली, धागा काढलेली कोळंबी उथळ स्टीलच्या डब्यात घाला, पुरती बुडेल एवढं बर्फगार पाणी ओता, वर दोन बोटं जागा सोडून गोठवा. कोळंबी बर्फाच्या आत बंद राहते, हवेचा संबंधच येत नाही. आधी वरचा बर्फ सुकतो, कोळंबीची पाळी फार उशिरा येते. चार महिन्यांनी काढली तरी कडा पांढऱ्या पडत नाहीत. एका डब्यात एका जेवणाची, हा नियम, कारण अर्धी वीट फोडून अर्धी परत ठेवता येत नाही.

सुरमईच्या तुकड्यांना वेगळी रीत आहे. तुकड्या थाळीत केळीच्या पानावर सुट्या ठेवून चार तास गोठवा. मोठ्या भांड्यात पाणी आणि बर्फ घ्या. एकेक तुकडी चिमट्यानं बुडवून लगेच बाहेर काढा. तुकडी इतकी गार असते की तिच्यावर त्याच क्षणी काचेसारखा पातळ थर धरतो. परत थाळीत, परत फ्रीझरमध्ये, अर्ध्या तासानं पुन्हा एकदा. तीन वेळा बुडवलं की तुकडी चकाकते. मग डब्यात रचा. कोळंबी परदेशी पाठवणारे कारखानेही हेच करतात, मोठ्या प्रमाणात. महिन्याभरानं डबा उघडून बघा, थर कुठे झिजला असेल तर पुन्हा बुडवा. बांगडा आणि तारली तेलकट, ती कशीही ठेवली तरी दोन महिन्यांत संपवा. मासळी सुटायला नेहमी फ्रिजमध्ये, खाली ताट ठेवून. ओट्यावर नाही. आपल्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

घरात आहेत त्या झिपच्या पिशव्या फेकू नका. साबणानं धुऊन, आतली बाजू बाहेर करून, पळीवर पालथ्या वाळवा आणि भाज्या-पोळ्यांसाठी वापरा. एकेक पिशवी दोन-तीन वर्षं जाते. कच्ची मासळी किंवा मटण ज्यात होतं ती मात्र पुन्हा नाही. श्रीखंडाचे आणि हॉटेलच्या जेवणाचे पातळ डबे फ्रीझरमध्ये टाळा. ते पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकचे असतात, थंडीत ठिसूळ होतात आणि पडले की उभे चिरतात. दुधाच्या धुतलेल्या पिशव्या भंगारवाला घेतो, त्याला द्या. बाजारातल्या रंगीत पातळ पिशवीत तर अन्न गोठवूच नका. ती खाद्यपदार्थासाठी केलेलीच नसते. राज्यानं २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आणली, आणि केंद्राच्या नियमांनी ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीला मनाई केली, तरी मासळीबाजारात ती अजून हातात येते. मी कोळणीकडे डबाच पुढे करते. सुरुवातीला तिला वेळ लागायचा, आता माझा डबा दिसला की ती स्वतःच झाकण काढते.

सिलिकॉनच्या पिशव्यांबद्दल विचारलंत. चांगल्या असतात, आडव्या ठेवता येतात, हवा दाबून काढता येते. पण महाग, लसणाचा वास धरणाऱ्या, आणि शेवटी भंगारवाला त्या घेत नाही. चिकन मसाला लावून गोठवायची सवय असेल तर एक-दोन घ्या, तेवढ्याच. मेण लावलेलं कापड पोळ्या दोन दिवस गुंडाळायला बरं, फ्रीझरमध्ये त्याचं मेण तडकतं.

फ्रीझर उणे १८ अंशांवर चालतोय का, तेही एकदा बघा. पाच-सहाशे रुपयांच्या आत थर्मामीटर येतो. एकदाराच्या फ्रिजचा वरचा कप्पा बऱ्याचदा तिथपर्यंत जातच नाही. तिथे ठेवलेलं दोन-तीन आठवड्यांत संपवायचं, मग डबा कसलाही असो. वीज गेली तर दार उघडून बघायचा मोह आवरा. गच्च भरलेला फ्रीझर अर्ध्या भरलेल्यापेक्षा दुप्पट वेळ गार राहतो. वीज आल्यावर मटारात अजून बर्फाचे कण लागत असतील तर ते पुन्हा गोठू द्या, चव थोडी उतरेल. मासळी सुटली असेल, पण अजून गारच असेल, तर त्याच दिवशी शिजवा.

डब्यांवर कागदी चिकटपट्टी लावून पदार्थ आणि तारीख लिहा, आणि पट्टी डबा कोरडा असताना, आत ठेवण्याआधी लावा. गार झालेल्या स्टीलवर ती धरत नाही. डबा काढताना हात कोरडे ठेवा, ओली बोटं स्टीलला चिकटतात. आणि झाकण गोठून बसलं तर सुरीनं उचकटू नका, रिंग कापली जाते. डबा आडवा धरून झाकणाची कड नळाच्या साध्या पाण्याखाली सगळीकडून फिरवा, मग कोरड्या फडक्यानं धरून झाकण उचला. अर्ध्या मिनिटात सुटतं.